वरच्या सुतळीचा ताण

गिरगावातल्या आमच्या चाळीत दिवाळीला तीन कंदील लागतात, तेही एकाखाली एक. असं मुंबईत दुसरीकडे कुठेही होत नाही. होत असेल तर त्यांनी आमचं बघून सुरू केलंय. गच्चीतून एक लोखंडी पाइप चौकाच्या बाजूला बाहेर आलाय. त्याच्या टोकाला आकडा आहे, आणि तो आकडा मुंबईची बेटं सात होती तेव्हापासून तिथे असावा असा माझा अंदाज आहे. त्या आकड्याला तिसऱ्या मजल्याचा कंदील. त्याच्या बुडाच्या कडीला दुसऱ्या मजल्याचा. त्याच्या बुडाला पहिल्या मजल्याचा. प्रत्येक कंदील आपापल्या गॅलरीसमोर, कठड्यापासून हातभर अंतरावर लोंबतो. तळमजल्यावर पिठाची गिरणी. गिरणीवाल्याचा कंदील नसतो. तो फक्त बाकीच्यांच्या कंदिलांवर पीठ उडवतो.

या व्यवस्थेचा कायदा एकच. आपल्या कंदिलाला लागेल तेवढी दोरी आपण आणायची आणि वरच्याच्या कडीला बांधायची. कंदील हलका तर दोरी बारीक, जड तर जाड. वरच्यांनी खालच्यांच्या दोरीत नाक खुपसायचं नाही, खालच्यांनी वरच्यांच्या. इतका न्यायाचा कायदा की संसदेत मांडला तर एकमताने पास होईल. तो इतकी वर्षं टिकला यावरून एवढंच कळतं की पूर्वीचे कंदील कागदाचे होते.

तिसऱ्या मजल्यावर आम्ही. मी हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर बसतो. तीस वर्षांत मी एवढ्या साड्या उलगडल्यात की एकीला एक जोडली तर दादरहून निघालेला पदर थेट दुबईत निघेल. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, फक्त खरं जरा फुगवून सांगायचं, ही आमच्या धंद्याची नीती. ती घरी येताना दुकानातच ठेवावी असं माझी बायको म्हणते. मला जमत नाही.

माझ्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, सर. परळच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी मला अकरावीला भौतिकशास्त्र शिकवलं. म्हणजे त्यांनी शिकवलं. माझ्या बाजूने फारसं काही घडलं नाही. चाचणीत त्यांनी एक गणित घातलं होतं: दोन वजनं दोऱ्यांनी एकाखाली एक टांगली आहेत, वरचं दोन किलो, खालचं पाच, तर वरच्या दोरीतला ताण काढा. मी लिहिलं, 'दोन किलो, कारण तिला दोनच किलो बांधले आहे.' सरांनी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा शेजारच्या वर्गातली मुलंही हसली.

त्या वेळी आम्ही निदान बोलत होतो. आठ वर्षांपूर्वी आमच्या मोरीचं पाणी सरांच्या झोपायच्या खोलीत गळतं असा एक आरोप झाला. मी भर सभेत सांगितलं की आमची मोरी वाळवंटासारखी कोरडी आहे, ओल सरांच्याच भिंतीत आहे आणि ती तिथून वर चढते. पाणी वर चढतं हे ऐकल्यावर सर उभे राहिले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि खाली बसले. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. आमच्यातला सगळा व्यवहार काकूंमार्फत चालायचा. काकू म्हणजे सरांची बायको. जिन्यात भेटल्या की हळूच म्हणायच्या, "अरे, यांच्या उशीवर टपकतंय रे. एवढी ती मोरी करून घे." मी म्हणायचो, "काकू, उद्याच."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून दिवाळीला दुसऱ्या मजल्याचा कंदील लागला नाही. माझ्या कंदिलापासून पहिल्या मजल्याच्या कंदिलापर्यंत मधे नुसती काथ्याची दोरी लोंबत होती, आणि गॅलरीत उभं राहिलं की नजर नेमकी तिथेच जायची.

यंदा सरांनी कंदील स्वतः केला. गणपती गेल्यापासून खालून बांबू तासायचा आवाज यायचा. वसुबारसेला त्यांनी तो आणून लावला तेव्हा मी वरून वाकून बघितलं आणि माझी बडबड बंद झाली. आमच्या घरात तो ऐतिहासिक क्षण मानला जातो. कंदिलाला कागद नव्हता. डाळिंबी शालू होता, मोरपंखी काठाचा, कापून, पाकळी पाकळी करून लावलेला. ती साडी मी ओळखतो. मीच विकली होती. त्या वेळी मी ती खांद्यावर टाकून म्हणालो होतो, "काकू, फुलासारखी हलकी! नेसलीय हे तुम्हालाच कळणार नाही." आठवड्याने काकू जिन्यात म्हणाल्या, "खांदा भरून आला रे माझा. जरीची आहे की लोखंडाची?" पण परत केली नाही. प्रत्येक लग्नाला तीच.

सरांकडे आता दुसरी तशी साडी नव्हती, आणि तशी बाजारातही येत नाही. तो कंदील म्हणजे काय आहे हे चाळीत सगळ्यांना कळलं होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही. आमच्या चाळीत यापेक्षा मोठा आदर नसतो.

पहिल्या मजल्यावर आंटी. मूळ मुंबईच्या कॅथलिक, आमच्या सगळ्यांच्या आधीपासून इथल्या, आणि हे त्या रोज सांगतात. त्यांचा कंदील म्हणजे प्लायवूडचा पाच टोकांचा तारा, आत दिव्यांच्या माळा. दिवाळीला लावतात तो नाताळ झाल्यावरच काढतात. "दोन सण, एक तारा, काटकसर!" असं त्या म्हणतात. तारा एवढा मोठा की तो लावला की चंद्र आमच्या चौकात यायला लाजतो. त्याला त्यांनी जाडजूड नायलॉनचा दोर लावला होता. त्यांचे कै. मिस्टर कॉटन ग्रीनच्या गोदामात होते, तिथला. "या रशीने बोट बांधलीय, बोट!" आंटी सगळ्यांना सांगत होत्या. "नऊ किलोचा स्टार हाय माझा. तुमच्यासारखी सुतळी नाय लावत मी."

सुतळी माझी होती. कागदी कंदील, दोन किलोचा. मी गॅलरीतून सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हटलं, "आंटी, माझा कंदील दोन किलो, सुतळी पेलते पंधरा-सोळा! आठपट मजबुती! विमानाच्या पंखालाही एवढी नसते!"

खालच्या गॅलरीत सर उभे होते. त्यांनी मान वर केली, सुतळीकडे बघितलं, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी तळमजल्याच्या फळ्यावर, जिथे एरवी 'आज पाणी येणार नाही' एवढंच साहित्य असतं, तिथे खडूने एक आकृती काढलेली. एकाखाली एक तीन चौकोन. वरच्यात दोन, मधल्यात चार, खालच्यात नऊ. चौकोनांना जोडणाऱ्या रेघा, त्यांना वर-खाली बाण, आणि सगळ्यात वरच्या रेघेशेजारी मोठं प्रश्नचिन्ह. शब्द एकही नाही.

अर्ध्या तासात फळ्यासमोर अख्खी चाळ. तीन चौकोन म्हणजे तीन मजले, यात कोणालाच शंका नव्हती. आणि तीन मजल्यांची आकृती म्हणजे आमच्या भागात एकच गोष्ट असते.

"रिडेव्हलपमेंट!" आंटी म्हणाल्या. "बिल्डर येऊन गेला! बघा, फर्स्ट फ्लोअरला नऊ!"

"नऊ काय?" मी विचारलं.

"काय पण असेल. रूम असतील. तुला दोन रे."

माझं डोकंच फिरलं. "आम्हाला दोन का? वरच्या मजल्याला जास्त मिळतं! हवा आहे, उजेड आहे!"

"आणि लीकेज पण हाय," आंटी म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे भाषण केलं. तिसऱ्या मजल्यावर अन्याय झाला आहे, आम्ही सही करणार नाही, रस्त्यावर उतरू. गिरणीवाल्याने गिरणी बंद करून टाळ्या वाजवल्या. त्या भरात मी बिल्डरलाही दोन शिव्या दिल्या, जो अजून जन्मायचा होता.

बायको दूध घेऊन आली, फळ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पण बाण कशाला काढलेत? आणि हे अक्षर सरांचं आहे. चारचा आकडा ते असाच काढतात, उघडा."

"मग?"

"मग काय? ते सकाळपासून गॅलरीत उभे आहेत. चहा घेतला नाही, पेपर उघडला नाही. आपल्या सुतळीकडे बघतायत नुसते."

तेवढ्यात आंटींना काहीतरी आठवलं. "अरे हो, तुला सांगायचं राहिलं. माझा स्टार काल कठड्याच्या वर होता. आज वीतभर खाली आलाय. तुझा मजला घसरतोय काय रे?"

मी फळ्याकडे बघितलं. दोन. चार. नऊ. प्रश्नचिन्ह. आणि पस्तीस वर्षांनी, भर चाळीसमोर, माझ्या कानात अकरावीचा वर्ग हसला.

मी खडू उचलला. सर शिकवायचे तसं खालून सुरुवात केली, कारण खालून केलं की फसायला होत नाही. खालचा चौकोन: आंटींचा तारा. पृथ्वी त्याला नऊनं खाली ओढते. तो पडत नाही, म्हणजे त्याच्या वरची दोरी त्याला नऊनेच वर ओढते. ठीक. पण तीच दोरी दुसऱ्या टोकाने सरांच्या कंदिलाला नऊनं खाली ओढते. मधला चौकोन: स्वतःचे चार खाली, खालच्या दोरीचे नऊ खाली, झाले तेरा, म्हणजे त्याच्या वरच्या दोरीत ताण तेरा. आणि ती दोरी बांधलीय माझ्या कंदिलाला. माझे दोन अधिक तेरा. वरची दोरी, म्हणजे माझी सुतळी, पंधरा.

"पंधरा?" आंटी म्हणाल्या. "तू तर दोन बोलला होता."

"दोनच बांधलेत," माझ्या तोंडून निघालं. तेच वाक्य. तसंच. वय झालं तरी माणूस आपल्या चुकांना धरून राहतो.

पण सुतळी पंधरा-सोळा पेलते हे मीच फुगवून सांगितलेलं. खरं किती पेलते हे मलाही माहीत नव्हतं. मी धावत वर गेलो, उरलेल्या सुतळीने मोरीच्या नळाच्या पाइपाला वीस लिटरची मोठी बादली टांगली आणि पाणी सोडलं. दहा लिटर, काही नाही. बारा. चौदा. सुतळी लांब होत होती, दिसत होतं. पंधराच्या खुणेला एक पीळ सुटला आणि बादली आमच्या वाळवंटात कोसळली. बादलीचं स्वतःचं एक किलो धरलं तर सोळा. आयुष्यात पहिल्यांदाच माझं फुगवलेलं विधान तंतोतंत खरं निघालं. सोळाला तुटते, आणि तिला पंधरा बांधलेत. आणि आता चौपाटीकडून वारा सुटला होता.

खाली सरांच्या झोपायच्या खोलीत पाणी टपटपायला लागलं. ते मलाही ऐकू आलं. सर ओरडले नाहीत. ते गॅलरीतून हललेच नाहीत.

मी गॅलरीत आलो. वरच्या गाठीपाशी सुतळीचे केस उभे राहिले होते. तिन्ही कंदील वाऱ्याने सावकाश डुलत होते, आणि पडले असते तर शालू मधे होता: वरून माझा, खालून प्लायवूड.

"आंटी," मी ओरडलो, "तुमचा दोर वर हवा! माझी सुतळी खाली!"

"माझी रशी तुझ्या कंदिलाला? असं कधी झालंय का चाळीत?"

"आंटी, वरची दोरी सगळ्यांना धरते!"

"मग माझा स्टार वर लाव ना. जड वर, हलकं खाली. कोणाला त्रास नाय."

दुसऱ्या मजल्यावरून खाकरण्याचा आवाज आला. मला त्या खाकरण्याचा अर्थ कळला. अकरावीत वर्षभर ऐकलाय. "नाही आंटी," मी म्हटलं. "क्रम कसाही लावा, वरच्या दोरीला पंधराच. मधल्या फक्त बदलतात."

आंटींनी मधल्या कंदिलाकडे बघितलं, डाळिंबी रंगाकडे. "त्याच साडीत ती माझ्या पोरीच्या लग्नाला आली होती," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढवून, "काय बघतो? स्टूल आण कोणीतरी!"

आता अडचण अशी की दोर बदलायचे तर कंदील उतरवायला हवेत, आणि उतरवायचे तर त्या सुतळीला हात लावायला हवा. मी वर उभा, आंटी खाली, आणि मधे एक माणूस जो माझ्याशी आठ वर्षं बोलत नव्हता. त्याने कंदील धरला नाही तर काहीच होणार नव्हतं. मी कठड्यावरून वाकलो. सरांचं टक्कल दिसत होतं. काय म्हणावं सुचेना. मी, जो दुकानात मुक्या बाईकडूनही साडी नाकारण्याचं कारण काढून घेतो.

"सर," मी म्हटलं. "पंधरा."

सरांनी वर बघितलं नाही. "आधी तिचा उचला," ते म्हणाले. आवाज तसाच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "खालून सुरुवात."

आंटी आपल्या गॅलरीत स्टुलावर चढल्या, गिरणीवाल्याने स्टूल धरलं, आणि त्यांनी तारा दोन्ही हातांनी वर उचलला. खालचा दोर सैल पडला.

"ताण?" सर म्हणाले.

"काय?"

"वरच्या सुतळीत. आता. ताण किती?"

"सर, आधी कंदील..."

"किती?"

"नऊ गेले. सहा!"

सरांनी कठड्यावरून हात लांब केले. शहात्तर वर्षांचे हात. त्यांनी शालूच्या कंदिलाला वरच्या कडीशी धरलं आणि छातीशी घेतलं. आता काथ्याची दोरीही सैल.

"आणि आता?"

"दोन!"

"दोन काय? दोन साड्या?"

"दोन किलो, सर!"

"किलो," सर सगळ्या चाळीला म्हणाले. हातात चार किलो, टाचा उचललेल्या, आणि त्यांना घाई म्हणून नव्हती. "किलो हे बलाचं एकक आहे, असं तुमच्या तिसऱ्या मजल्यावर शिकवतात का?"

"अरे, सांग लवकर," खालून आंटी कळवळल्या, "माझे हात तुटले!"

"न्यूटन!" मी ओरडलो. "सर, न्यूटन! वीस न्यूटन!"

"वीस?"

"एकोणीस पूर्णांक सहा!"

"सोड," सर म्हणाले.

मी माझा कंदील एका हाताने धरला आणि दुसऱ्याने सुतळी कापली. एकच पीळ शिल्लक होता. सुरी लागायच्या आधीच सुटला असावा. मी लोकांना सांगतो की सुरी हवेतच होती.

उजेड होता तोवर सगळं परत बांधलं. बोटीचा दोर सगळ्यात वर. काथ्याची दोरी मधे, तिला तेरा काहीच नाहीत. आणि माझी सुतळी सगळ्यात खाली, आंटींच्या नऊला, दुपदरी: दोन पदरांत वाटून साडेचार-साडेचार. हेही सरांनीच सांगितलं, पण मला नाही, आंटींना. आंटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझी सुतळी माझ्या स्टारला. देव बघून घेईल."

दिवे लागले. शालूची जरी आतून उजळली, आणि काठावरचे मोर, जे मी वीस वर्षांपूर्वी 'खास पैठणचे' म्हणून सांगितले होते आणि जे सुरतेचे होते, ते चौकाच्या चारी भिंतींवर पडले. सर खुर्ची घेऊन गॅलरीत बसले. बायकोने त्यांच्याकडे चहा आणि चकल्या पाठवल्या. कप रिकामा परत आला.

सकाळी अभ्यंगस्नान आटपून खाली आलो तर फळा पुसलेला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'पाचपैकी साडेतीन. एकक विचारल्यावर सांगितले.' आणि खाली नवी आकृती. वर एक चौकोन, त्यात 'मोरी'. खाली एक चौकोन, त्यात 'उशी'. मधे एक रेघ, तिला बाण नव्हता. शेजारी: 'बाणाची दिशा दाखवा. गुण दीड.'

गिरणी बंद होती. जिन्यात कोणी नव्हतं. मी खडू उचलला आणि बाण काढला. खालच्या दिशेने.